दुखणं का फरक?

मला सगळं मिरज ब्रदर म्हणतं. सगळं म्हणजे, ज्यांचं कधी ना कधी पोट कापलं गेलं आहे तेवढं. बाईने नर्सिंग केलं की ती सिस्टर होते आणि पुरुषाने केलं की ब्रदर, असा या धंद्याचा रिवाज आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ मला ब्रदर म्हणतो. सासरेही म्हणायचे. एका लग्नात मेहुण्याने 'हे आमचे ब्रदर' अशी ओळख करून दिली, तर समोरच्या पाहुण्यांना जेवण होईपर्यंत आमचं नातं कळलं नाही.

आमचं गाव साताऱ्याच्या बाजूचं, घरटी एक माणूस फौजेत. मीही गेलो, पण हातात बंदुकीपेक्षा सिरिंज जास्त राहिली. नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी केली, पेन्शन घेतली आणि मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डचा इन्चार्ज झालो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या चहाबद्दल लिहायचं आहे.

वॉर्डचा इन्चार्ज म्हणजे इंजेक्शनं देणारा मोठा माणूस, अशी बाहेरच्यांची समजूत असते. इंजेक्शनं मुली देतात. इन्चार्जने बघायचं ते हे, की कुठली सिस्टर कुठल्या पाळीला आहे, कुणाचं सलाइन संपत आलंय, कुणाचा पाहुणा कॉटखाली घोरतोय आणि कुणाच्या डब्यातून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मटणाचा रस्सा आत आलाय. शिवाय सगळ्यांत वाईटपणा घ्यायचं काम म्हणजे पोट शिवलेल्या माणसाला उठवून चालायला लावणं. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात रक्त गोठतं. पण हे पेशंटला पटत नाही. त्याला वाटतं, टाके उसवतील. 'उठा, चार फेऱ्या मारा' हे माझं वाक्य वॉर्डात इतकं बदनाम होतं की म्हाताऱ्या बाया मला लांबून बघूनच डोळे मिटून घ्यायच्या. एका पैलवानाने त्या वाक्यापायी माझ्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या. डिस्चार्जच्या दिवशी मात्र त्यानेच पेढे आणले.

आता मुद्द्यावर येतो. दुखणं मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो, पण दुखणं माणसालाच विचारावं लागतं. पुस्तकात लिहिलंय की पेशंटला विचारा, शून्य ते दहापैकी किती? आमच्याकडे हा प्रश्न विचारला की पेशंट नातेवाइकाकडे बघतो आणि नातेवाईक छताकडे. आमचा माणूस दुखणं आण्यात सांगतो. रुपयाचे सोळा आणे. 'कालच्यापरीस चार आणे फरक हाय', 'बारा आणे बरं वाटतंय'. आणा बघितलेला माणूस आता हुडकून सापडणार नाही, पण दवाखान्याच्या दारात तो अजून चालतो. सतारी करणारे एक चाचा तेवढे वेगळे होते. हाताला टाके पडले होते, रोज सकाळी सांगायचे, काल दुखणं तार सप्तकात होतं, आज खर्जात आलंय. त्यांचं मी तसंच डॉक्टरांना सांगायचो आणि डॉक्टरांनाही बरोबर कळायचं.

आण्यात एक गोची आहे. माणूस 'बारा आणे' म्हणतो, तेव्हा ते दुखणं बारा आणे आहे की फरक बारा आणे आहे? आमच्याकडे नवीन आलेल्या एका सिस्टरने एका आजीला विचारलं, आजी म्हणाल्या बारा आणे. पोरीने ते दुखणं समजून डॉक्टरांकडून जोरदार इंजेक्शन लिहून घेतलं. आजींना बारा आणे बरं वाटत होतं. त्या जेवणाची वेळ, चहाची वेळ आणि लेकीची भेटायची वेळ झोपून पार करून गेल्या. लेक रडायला लागली, की आमची आई गेली. आजी उठल्या आणि म्हणाल्या, इतकी झोप लग्नानंतर पहिल्यांदाच लागली. तेव्हापासून मी वॉर्डात नियम केला. कुणी आण्यात बोललं की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, 'दुखणं का फरक?'

मिरजेला आधी रेल्वेचं जंक्शन आहे आणि मग गाव आहे. आमच्या वॉर्डाचंही तेच होतं. मुली नर्सिंग कॉलेजातून यायच्या, परदेशाला लागतो तेवढा अनुभव गाठीला बांधायच्या आणि गाडी बदलायच्या. कुणी इंग्लंड, कुणी जर्मनी, कुणी आखाती देश. निरोपाला विमानाचं चित्र काढलेला केक यायचा. त्याच्या बरोबर कॅन्टीनचा चहा, जो पिऊन कुणालाही देश सोडावासा वाटला तर मी दोष देणार नाही. मग बॅगेत भडंग आणि हळद भरून पोरगी जायची. आमचे मोठे डॉक्टर प्रत्येक निरोपाला भाषण करत, की आपल्या मातीला तुमची गरज आहे. एकदा ऐन भाषणात त्यांचा फोन वाजला. मुलाचा होता, लंडनहून. डॉक्टर माणूस दिलदार, स्वतःच हसले आणि उरलेलं भाषण न करता केक कापला.

ब्रेन ड्रेन हा शब्द मी पुष्कळ व्याख्यानांत ऐकला आहे. ब्रेन जात असेल तर जावो, त्यातलं मला कळत नाही. आमच्या वॉर्डातून हात जायचे, आणि कान.

यातले सगळ्यांत चांगले कान मायाचे होते.

माया जत तालुक्यातली, धनगराची मुलगी. घरचं नाव मायाक्का. कॉलेजात अक्का गळाली आणि माया उरली. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू ज्वारी. मराठी आणि कानडी दोन्ही भाषा तोंडात सारख्याच. जतकडचे आणि सीमेपलीकडचे पेशंट आले की पहिल्यांदा विचारायचे, आमची मायाक्का हाय का? ती कॉटशी उभी राहून कानडीत दोन वाक्यं बोलली की चार दिवस गप्प असलेला म्हातारा आपलं पोट, आपली सून आणि आपली विहीर या क्रमाने सगळं सांगायला लागायचा. आणि विहिरीपर्यंत पोचायच्या आधी पलीकडच्या कॉटवरून कुणीतरी हाक मारायचं. मायाला जावं लागायचं. म्हातारा तोंड उघडं ठेवून तसाच राहायचा.

आण्यांचा हिशेबही तिचाच पक्का. ती म्हणायची, आणे सगळ्यांचे सारखे नसतात. बागायती मालकाचे बारा म्हणजे सहा. जतच्या माणसाचे चार म्हणजे आठ. फौजीचं तर विचारूच नये. माझ्याकडे बघून म्हणायची, फौजीचे चार म्हणजे सरळ बारा लिहायचे. मी म्हणायचो, फौजीला दुखतच नाही. ती म्हणायची, व्हय, म्हणून तर गुडघ्याला हात लावून जिना चढताय.

एके दिवशी हीच माया म्हणाली, ब्रदर, मी आयर्लंडचं बघतीय. परीक्षा द्यायची हाय.

मी इतक्या मुलींना वाटे लावलं होतं, पण या वेळी मला राग आला. तोंडावर म्हणालो, तूपण? घरात काय कमी पडलं? मला वाटलं, ती बहिणीचं लग्न, बोअरवेल असलं काही सांगेल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं. ती चादरीच्या घड्या घालत होती. घडी तशीच हातात धरून म्हणाली, "ब्रदर, तिथं एका सिस्टरला पाच-सात पेशंट असत्यात म्हणं. हितं मी तीस जणांचं अर्धं अर्धं ऐकलंय. मला एकदा तरी एका माणसाचं शेवटपर्यंत ऐकायचं हाय."

मी चहा मागवला.

तर परीक्षा. या परीक्षेत इंग्रजी बोलायचा भाग असतो. परीक्षक पेशंट होतो आणि उमेदवाराने सिस्टर होऊन त्याच्याशी नीट बोलायचं असतं. सरावाला पेशंट लागतो. आमच्या वॉर्डात तो पेशंट नेहमी मी. कार्डावर लिहिलेलं असायचं, 'मिसेस मार्गारेट, वय सत्तर, पायाचं ऑपरेशन, घरी जायची काळजी.' मग दुपारच्या चहाला, चादरींच्या कपाटामागे, मी मिशांसकट मार्गारेट व्हायचो. खांद्यावर वॉर्डातली शाल. माझं इंग्रजी फौजेतलं, त्यामुळे मार्गारेट दर वाक्याला 'सर' म्हणायची आणि वेदना 'रिपोर्ट' करायची. वॉर्डातल्या मावशी दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसायच्या. तरी सांगतो, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी पास व्हायच्या. मार्गारेटबाईंचं ते यश आहे, मी फक्त निमित्त.

माया पुण्याला परीक्षा देऊन आली ती थेट माझ्या टेबलापाशी येऊन बसली. सगळं छान चाललं होतं. पेशंट झालेल्या बाईंनी सांगितलं, कालच्यापेक्षा पाय बरा आहे. माया गोड हसून इंग्रजीत म्हणाली, फार छान, किती बरा, फोर आणाज की एट आणाज? बाई म्हणाल्या, पार्डन? मायाला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने समजावून सांगितलं, आऊट ऑफ सिक्स्टीन. मग बाई थांबल्या आणि माया सुटली. पेशंटला समजेपर्यंत समजावायचं, हे मीच शिकवलेलं. तिने रुपया, आणा, पै सगळं इंग्रजीत समजावलं आणि त्यात वेळ संपली.

निकाल आला, थोडक्यात हुकली. वॉर्डभर झालं की माया चार आण्यांनी नापास. ती म्हणाली, "ब्रदर, तुमची मार्गारेट मिरजेची निघाली." कारण सरावात मार्गारेट नेहमी आण्यातच सांगायची. मला दहात सांगता येत नव्हतं, त्याला मी काय करणार.

मी घरी जाऊन ही हकीकत रंगवून सांगितली. आमची मंडळी भाकरी थापत होती. ती म्हणाली, हसताय काय, पोरगी राहिली म्हणून खूश झालाय, दिसतंय तोंडावर. म्हणालो, झालोय. खोटं कशाला बोलू? माया राहिली तर जतच्या म्हाताऱ्यांचं कोण ऐकणार, हा प्रश्न मिटत होता. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, तर माया एका बाईंजवळ वाकून ऐकत होती आणि पलीकडून हाक आली. ती सरळ झाली, तेव्हा तिचं तोंड मी बघितलं. संध्याकाळी तिला म्हणालो, मार्गारेट उद्यापासून दहात बोलणार. आणा तोंडातून निघाला तर कॅन्टीनचा चहा प्यायचा. त्या धाकाने मार्गारेट झपाट्याने सुधारली.

दुसऱ्या वेळी माया पास झाली. मग तिचे वडील आले, बिराप्पा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातातली काठी वॉचमनने ठेवून घेतलेली. लेक परगावी शिकली तेवढं त्यांनी सोसलं होतं, पण समुद्रापलीकडे नाव काढलं की ते उठून मेंढरांकडे निघून जायचे, असं मायाने आधीच सांगितलं होतं. तिला त्यांच्या मनाविरुद्ध जायचं नव्हतं. ती म्हणाली, ब्रदर, तुमीच बोला, आणि स्वतः ड्रेसिंगचा ट्रे घेऊन पळाली. फौजेत मी बऱ्याच अवघड कामगिऱ्या केल्या, पण बापाला लेकीचं विमान समजावणं त्यात नव्हतं.

मी पगार सांगितला, त्यांना त्यात रस नव्हता. राहायची सोय सांगितली, त्यातही नव्हता. बराच वेळ ते वॉर्डातल्या कॉटांकडे बघत बसले, जणू मेंढरं मोजत होते. मग विचारलं, "बरदर, तिकडं मेंढरं हायती का?"

आयर्लंडचे फोटो मला मायानेच मोबाइलवर दाखवले होते. हिरव्या माळांवर पांढरे ठिपके, दुसरं काही नाहीच. म्हणालो, लय हायती. रस्त्यात आडवी येतात, मोटारी थांबतात.

"आन् पाऊस?"

म्हणालो, रोज पडतो.

"रोज?" त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. आमच्याकडे टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला रोज पाऊस म्हणजे एजंटाची थाप वाटणारच. मी फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून बघितला. मेंढरांच्या लोकरीकडे जास्त वेळ बघितलं. शेवटी म्हणाले, "मेंढरं राखणारी माणसं वंगाळ नसत्यात. जाऊ द्या तिला." मोबाइल परत देत म्हणाले, "रोज पाऊस पडतोय तर लोकर कवा वाळवत्यात, तेवढं इचारून ठिवा."

माया ट्रे घेऊन परत आली, तर बाप हॉस्पिटलच्या गेटवर पोचला होता. ती धावत गेली. दोघं काय बोलली ते मला माहीत नाही, कानडीत बोलली असतील. परत आली तेव्हा नाक लाल होतं, आणि मी विचारायच्या आत म्हणाली, सर्दी झालीय.

तिच्या जागी झारखंडची सुषमा आली. हिंदी बोलणारी, लहान चणीची, कामाला चपळ. तिच्या गावच्या दवाखान्यातली तिची जागा कुणी घेतली असेल, हा विचार माझ्या मनात यायचा. मी तो तिला विचारला नाही, कारण तिने विचारलं असतं की मग तुमच्या मायादीदीला का नाही अडवलं. जायच्या आधीचे दिवस माया तिला बरोबर घेऊन फिरली. सलाइन, ड्रेसिंग हे तिला येतच होतं. माया तिला माणसं शिकवत होती. यथावकाश केक आला, विमान आलं, चहाही आला. मोठ्या डॉक्टरांनी या वेळी भाषण केलं नाही. मी तिला एक जुनं पितळी नाणं दिलं, आमच्या आईच्या पेटीतलं, एक आण्याचं. म्हणालो, चिल्लर जवळ असू दे.

मग मीही निवृत्त झालो आणि मार्गारेटही.

गेल्या वर्षी मला हर्निया झाला. दुसरीकडे कुठे जाणार, आपल्याच वॉर्डात भरती झालो. इतकी वर्षं खोटा पेशंट होतो, म्हटलं आता खऱ्याचा अनुभव घेऊ. एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली. त्या कॉटवरून छत फार लांब दिसतं आणि सिस्टर त्याहून लांब.

ऑपरेशन झाल्यावर सुषमा आली. शून्य ते दहा विचारलं. मी म्हणालो, ठीक है. ती हलली नाही. चांगल्यापैकी मराठीत म्हणाली, "ब्रदर, रुपयात सांगा." मला हसू आलं, हसल्यावर टाके ओढले. म्हणालो, चार आणे. तिने विचारलं, दुखणं का फरक? म्हणालो, दुखणं. ती गेली आणि इंजेक्शन घेऊन आली. मी म्हणालो, अगं चार आण्याला एवढं कशाला? दंडाला स्पिरिट लावत ती म्हणाली, "दीदीने सांगितलंय. ब्रदरचे चार म्हणजे बारा."

बाराच होते. लपवून कुणाला सांगू?

मला तिच्याशी आणखी बोलायचं होतं. भूल उतरताना आईचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं होतं, छातीत कसलीशी धाकधूक होती, आणि हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. मी तोंड उघडलं आणि पलीकडून हाक आली. सुषमा म्हणाली, आले हां ब्रदर. तिला वेळ लागणार होता, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती पाळी मीच लावत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायाचा व्हिडिओ कॉल आला. सुषमानेच कळवलं होतं. तिकडे सकाळ होती, खिडकीबाहेर पाऊस दिसत होता. बिराप्पांना मी खोटं सांगितलं नव्हतं. लोकर कवा वाळवतात, ते तिलाही अजून कळलेलं नाही. ती म्हणाली, "हितली म्हातारी माणसं लय आपल्यासारखी हायती, ब्रदर. मरणाच्या दारात असली तरी ग्रँड हाय, म्हंजी झकास हाय, म्हणत्यात. बाकीच्या सिस्टर तेच लिवत्यात. मी मनात आण्यात मोजती." मी विचारलं, मग ऐकतेस का शेवटपर्यंत? म्हणाली, ऐकती. एका म्हाताऱ्याने त्याच्या विहिरीपर्यंत सगळं सांगितलं. विहीर तिकडेही असते, मला माहीत नव्हतं.

मग म्हणाली, आता तुमचं सांगा. आणि मी सांगितलं. आईचा आवाज, छातीतली धाकधूक, आमची मंडळी घाबरली होती ते, सगळं. तिने मध्ये एकदाही घाई केली नाही. मिरजेच्या वॉर्डात, कॉटवर पडून, माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारी सिस्टर मला मिळाली, ती आयर्लंडमध्ये. याचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं, आणि कुठलं जास्त ते मला ठरवता आलं नाही.

शेवटी तिने विचारलं, आता किती आणे?

म्हणालो, आठ.

"दुखणं का फरक?"

म्हणालो, "आठ आणे फरक, टाक्यांचा. आठ आणे दुखणं, तू इथं न्हाईस त्याचं. रुपया पुरा झाला."

माया अगदी इन्चार्जच्या आवाजात म्हणाली, "बरं. आता उठा, चार फेऱ्या मारा. फोन ठेवू नका, मी बघतीय."

मी उठलो.